ग्राहककेंद्री कथाकथन (विपणन)

ग्राहककेंद्री कथाकथन ही विपणन व विक्री यांतील एक पद्धत आहे. वस्तूच्या गुणांची यादी किंवा विक्रेत्याची थोरवी सांगण्याऐवजी, ती वस्तू ज्याच्या उपयोगी पडायची त्या माणसाची गरज, अडचण, आठवण किंवा हौस मध्यभागी ठेवून गोष्ट सांगणे हे तिचे मुख्य लक्षण होय. या पद्धतीत ग्राहक हा कथेचा नायक असतो. विक्रेत्याकडे साहाय्यकाची भूमिका येते आणि वस्तू हे त्याच्या हातातले साधन ठरते. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा परिचय करून देऊन पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील उदाहरणांच्या आधारे तिचे स्वरूप, उपयोग व मर्यादा यांचा विचार केला आहे. तमाशाची सुपारी, दूध, द्राक्षे, कृषी पर्यटन, टोमॅटोचा लिलाव आणि रानातला हिरडा अशी विक्रीची अगदी भिन्न रूपे या एका टापूत शेजारी शेजारी आढळतात. त्यामुळे कथा कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे येथे स्पष्टपणे पाहता येते.

संकल्पना

जाहिरात आणि कथा यांचा संबंध जुना आहे. परंतु प्रत्येक कथा ग्राहककेंद्री नसते. 'आमची पेढी तीन पिढ्यांची आहे' ही विक्रेत्याची कथा झाली. 'आमच्या तांदळाचा दाणा लांब आहे' हे वस्तूचे वर्णन झाले. 'घरी पाहुणे आले आणि भात चिकट झाला' येथून जी सुरू होते ती ग्राहकाची कथा. तिन्ही विधाने खरी असू शकतात, पण ऐकणारा स्वतःला फक्त तिसऱ्या विधानात पाहतो.

अशा कथेला साधारणपणे चार अंगे असतात. ओळखता येईल असा माणूस, त्याच्यापुढची खरी अडचण, ती दूर होण्याची वाट आणि नंतरची बदललेली स्थिती. यांपैकी अडचण हे अंग सर्वांत महत्त्वाचे आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित असते. विक्रेत्याला आपल्या मालाविषयी पुष्कळ माहिती असते, ग्राहकाच्या अडचणीविषयी मात्र तो अंदाज बांधतो. म्हणून या पद्धतीत सांगण्याच्या आधी ऐकणे येते. ग्राहक कोणत्या शब्दांत तक्रार करतो, काय विचारायला कचरतो, खरेदीचा निर्णय घरात कोण घेते, या गोष्टी ठाऊक नसतील तर कथा रचलेली वाटते. पेठेतला जुना दुकानदार गिऱ्हाईक पायरी चढताच आधी घरची विचारपूस करी, त्यामागे सौजन्य होते तशीच ही व्यावहारिक जाणही होती.

मराठीतील पूर्वपीठिका

महाराष्ट्रात या पद्धतीचे एक ठळक आणि पुरेसे न अभ्यासलेले उदाहरण म्हणजे 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि सुरुवातीचे नांगर विकले जाण्यास फार वेळ लागला. येथे किंमत ही मुख्य अडचण नव्हती. मनातली भीती ही अडचण होती, आणि ती नांगराच्या पात्याचे वजन सांगून दूर होणारी नव्हती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकर वासुदेव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही त्याची भावंडे. अमेरिकेत जॉन डीअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो' हे शेतकऱ्यांचे नियतकालिक सुरू केले होते. दोन्हीकडे नांगर विकणाऱ्याने नांगर वापरणाऱ्याच्या जगण्यावर लिहायला सुरुवात केली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मात्र अमेरिकी पत्र शेतीपुरते राहिले, मराठी मासिक समाजसुधारणेकडे वळले.

दोन तालुक्यांची पार्श्वभूमी

जुन्नर हे सातवाहनकाळापासून व्यापारी मार्गावरील नगर आहे. कोकणातील बंदरांतून घाटावर येणारा माल नाणेघाटातून जुन्नरकडे येई. जुन्नरच्या परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत धान्यविक्रेते, बांबूकाम करणारे आणि कासार अशा व्यावसायिकांच्या श्रेणींचे, म्हणजे संघांचे उल्लेख आहेत. त्या लेखांत दानाची नोंद आहे, मालाची जाहिरात नाही; तरीही व्यापाऱ्याने आपले नाव लोकांच्या डोळ्यांसमोर आणि पुण्यकृत्याशी जोडून ठेवावे ही रीत दोन हजार वर्षे जुनी आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

आजच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, बेल्हे ही बाजारगावे आहेत. आंबेगाव तालुक्यात मंचर आणि घोडेगाव ही मुख्य ठिकाणे होत. पूर्वेकडे कालव्याच्या पाण्यावरची बागायत आणि पश्चिमेकडे सह्याद्रीतील आदिवासी गावे अशी दोन्ही तालुक्यांची सारखीच रचना आहे. कथेच्या जोरावर विक्री करणारे व्यवसाय बहुतेक पूर्व भागात एकवटले आहेत. पश्चिमेकडचा माल नाव नसतानाच विकला जातो. या तफावतीचा विचार पुढे केला आहे.

नारायणगावच्या राहुट्या

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांचा हंगाम जवळ आला की महाराष्ट्रातील तमाशा फडांचे मालक व व्यवस्थापक येथे आपापल्या राहुट्या उभारतात. गावोगावच्या यात्रा समित्यांचे पंच तेथे येऊन कार्यक्रम ठरवतात. याला सुपारी देणे म्हणतात. गुढीपाडव्याच्या दिवशी येथे विशेष गर्दी होते. ग्रामदैवताची यात्रा ज्या तिथीला अनेक गावांत एकाच वेळी भरते, त्या तिथीची सुपारी अर्थातच चढते.

विक्रीच्या दृष्टीने ही राहुटी फार बोधप्रद आहे. विकायची वस्तू तेथे दाखवता येत नाही. पंचांसमोर ना ढोलकी वाजते ना वग होतो. तेथे फडाच्या नावाचा फलक, कलावंतांची छायाचित्रे, चार खुर्च्या आणि बोलणी एवढेच असते. म्हणजे व्यवहार शब्दांवर होतो. आणि या शब्दांत ग्राहक कोण हे ठरवणे सोपे नाही. पैसे समिती देते, ते वर्गणीतून जमलेले असतात, तमाशा पाहणार सारे गाव, आणि कार्यक्रम फसला तर बोल लागणार पंचांना. त्यामुळे पंचांची खरी गरज 'चांगला तमाशा' एवढीच नसते. शेजारच्या गावापेक्षा आपली यात्रा फिकी पडू नये, भांडण होऊ नये, घरच्या माणसांना सोबत आणता यावे, गाड्या वेळेवर पोहोचाव्यात, ही त्यांची चिंता असते. गावाचा कल पौराणिक वगाकडे आहे की सामाजिक, मागच्या वर्षी कोणता फड आला होता आणि त्यावर गाव काय बोलले, हे जाणून घेऊन बोलणारा व्यवस्थापक पंचांच्या काळजीला उत्तर देत असतो. विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत खरेदीदार आणि उपभोक्ता यांतील जो फरक परिश्रमपूर्वक समजावला जातो, तो नारायणगावच्या राहुटीत व्यवहाराचा भाग आहे.

फडाचे नाव हीदेखील एक संक्षिप्त कथाच असते. त्यात आई, वडील, आजोबा, मूळ गाव असे सारे गुंफलेले असते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या परंपरेतील विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव अजून या व्यवसायात वजन राखून आहे. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड चालवला. महाराष्ट्र शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कारही विठाबाईंच्या नावाने दिला जातो. प्रयोग चालू असताना त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. तो सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते. ज्या कलावंताच्या आयुष्यातील वेदनेवर पुढची तिकिटे आणि सुपाऱ्या ठरल्या, तिची स्वतःची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. कथेचे मोल कोणाला मिळाले, हा प्रश्न या पद्धतीच्या कोणत्याही चर्चेत आधी विचारला पाहिजे.

मंचरचे दूध

पराग मिल्क फूड्स ही कंपनी १९९२ मध्ये स्थापन झाली. तिचा प्रकल्प आंबेगाव तालुक्यात मंचर येथे आहे आणि 'गोवर्धन' व 'गो' या तिच्या नाममुद्रा परिचित आहेत. २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिची 'प्राइड ऑफ काऊज' ही २०११ मधील नाममुद्रा महत्त्वाची आहे. मंचर येथील भाग्यलक्ष्मी या कंपनीच्या गोठ्यातील दूध मुंबई-पुण्यातील ठरावीक वर्गणीदारांच्या दारी थेट पोहोचवायचे, अशी ही योजना. नेहमीच्या पिशवीतल्या दुधाहून त्याचा दर बराच चढा आहे.

या दुधाच्या विक्रीत स्निग्धांशापेक्षा एका शहरी आईबापांची शंका अधिक ठळक दिसते. पिशवीतले दूध किती गोठ्यांतून येते, त्यात काय मिसळले असेल, वाटेत किती हात लागले असतील, ही ती शंका. एकच गोठा, यंत्राने काढलेली धार, दारापर्यंतची एकच वाट हे तिला दिलेले उत्तर होय. गोठा प्रत्यक्ष पाहता येतो, हे या कथेचे बलस्थान. पाहता येणारी कथा ऐकीव कथेपेक्षा अधिक टिकते.

तुलनेसाठी अमूलचे उदाहरण उपयोगी आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) हा चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. त्यात नायक उत्पादक आहे. मंचरच्या नाममुद्रेत ग्राहक नायक आहे आणि साहाय्यक आहे एक आधुनिक गोठा. डेअरीच्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येणारा दोन-चार गायींचा मालक या दुसऱ्या कथेत बसत नाही, कारण ग्राहकाची शंका 'अनेक गोठे' याविषयीच आहे. यात कोणाची लबाडी नाही. ग्राहकाला मध्यभागी ठेवले की दुसरे कोणी तरी कडेला जाते, हा पद्धतीचाच स्वभाव आहे.

द्राक्षे आणि एक परके नाव

नारायणगाव परिसरातील काळी द्राक्षे परदेशी जातात. १९८०च्या दशकात येथील द्राक्षांच्या आणि फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फेसाळ वारुणी तयार केली आणि निर्यातीसाठी तिला 'ओमर खय्याम' हे नाव दिले. परदेशी ग्राहकाला नारायणगाव ठाऊक नव्हते. खय्याम मात्र इंग्रजी अनुवादामुळे घराघरांत पोहोचलेला होता. ग्राहकाच्या मनात आधीच असलेल्या कथेला आपला माल जोडण्याचा हा नमुना आहे. मराठी वाचकाला त्यात एक गंमत दिसते: खय्यामच्या रुबाया माधव जूलियन यांनी त्याआधी कित्येक वर्षे मराठीत आणल्या होत्या, तेव्हा हे नाव जुन्नरकरांनाही अगदीच परके नव्हते. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि न्यायालयाच्या आदेशाने तिचा कारभार आटोपला. तोवर नाव गाजले होते, पण ते नाव नारायणगावचे नसल्यामुळे गावाकडे त्याचा वारसा असा काही उरला नाही.

आंब्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. जुन्नर तालुक्यातील काले, येणेरे भागात आंबा होतो आणि तो 'शिवनेरी हापूस' म्हणून विकला जातो. 'हापूस' या नावाला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन कोकणातील पाच जिल्ह्यांपुरते आहे. कोकणचा हंगाम ओसरू लागल्यावर घाटावरचा आंबा येतो. उशिरा येणे हा दोष नसून, पाहुण्यांसाठी जूनमध्ये आंबा शोधणाऱ्या घराची ती सोयच आहे. रत्नागिरीची सावली घेण्यापेक्षा ही गोष्ट सांगणे अधिक प्रामाणिक आणि अधिक फायद्याचे ठरावे.

पर्यटन

जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य शासनाने विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. शिवनेरी, लेण्याद्री व ओझर ही अष्टविनायकांतील दोन स्थाने, नाणेघाट, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण अशी स्थळे येथे आहेत. फेब्रुवारीत द्राक्ष महोत्सव भरतो. राजुरी येथील पराशर कृषी पर्यटन केंद्रासारखी केंद्रे शेतकऱ्यांनी चालवली आहेत, आणि २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणाने अशा केंद्रांना नोंदणीची चौकट मिळाली.

कृषी पर्यटनाची जाहिरात अनेकदा खोल्या, जेवणाचे पदार्थ आणि बैलगाडीची फेरी यांच्या यादीवर थांबते. ग्राहककेंद्री मांडणी येथे कशी बदलते ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलेले एक आजोबा आहेत. नातवाला वाफे, मोट, हुरडा हे शब्द ठाऊक नाहीत आणि आजोबांना ते शब्द दाखवायला जागा उरलेली नाही. केंद्राने या आजोबांना उद्देशून निमंत्रण लिहिले, तर बैलगाडी तीच राहते, परंतु तिच्यात कोण का बसले आहे हे कळते. अशी मांडणी करणाऱ्याला मग आजोबांच्या गुडघ्यांचाही विचार करावा लागतो. उंच पायऱ्यांची खोली चालत नाही. कथा गंभीरपणे घेतली की ती सेवेलाही बदलायला लावते.

स्थलपर्यटनात सत्यतेचा प्रश्न अधिक तीव्र असतो. नाणेघाटातील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. घाटातील प्रसिद्ध शिलालेखात मात्र यज्ञ आणि दक्षिणा यांची नोंद आहे. रांजणाची हकिकत ही लोकसमजूत आहे. 'लोक असे मानतात' एवढे तीन शब्द जोडल्याने प्रवाशाचा आनंद कमी होत नाही.

बिबट्याचा विषय याहून नाजूक आहे. उसाच्या शेतीमुळे जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर मोठा आहे. माणिकडोह येथे त्यांचे निवारा केंद्र आहे आणि त्यांच्या हल्ल्यांत या भागात माणसेही दगावली आहेत. शहरी पाहुण्याला थरार हवा असतो. रात्री पाणी द्यायला शेतात जाणाऱ्या माणसाला तो नको असतो. पाहुण्याच्या हौसेभोवती रचलेली 'बिबट्यांच्या गावाची' जाहिरात शेजारच्या वस्तीवरील दुःखाला करमणूक बनवते, आणि असे साहित्य लिहिणाऱ्याने निदान त्या वस्तीवर ते वाचून दाखवता येईल का, हे स्वतःला विचारावे.

जेथे कथा चालत नाही

नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यात नावाजलेला आहे. तेथे माल क्रेटने विकला जातो आणि खरेदीदार रंग, आकार, टणकपणा व त्या दिवसाची आवक पाहतो. २०२३ च्या जुलैमध्ये देशभर टोमॅटो कडाडला तेव्हा येथील काही शेतकऱ्यांना अपूर्व भाव मिळाला. इतर वर्षी तोच माल रस्त्याकडेला ओतण्याची पाळी आली आहे. दोन्ही वेळा शेतकऱ्याच्या कष्टाची कथा तीच होती. लिलावात ती ऐकणारे कोणी नसते, कारण समोरचा माणूस दुसऱ्या बाजारासाठी खरेदी करत असतो. सातगाव पठारावरील बटाटा करारशेतीने वेफर्स कंपन्यांकडे जातो. तेथे कथा असते, पण ती पाकिटावर, कंपनीच्या शब्दांत.

याच कारणाने नोंद ही गोष्टीइतकीच महत्त्वाची ठरते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंदणी होते आणि पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. परदेशी ग्राहकाला हवा असलेला विश्वास येथे एका नोंदणी क्रमांकातून मिळतो. यात भावनेला वाव कमी आहे, पण दरात फरक पडण्याची शक्यता पुष्कळ आहे.

सर्वांत मूक वस्तू हिरडा. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना हिरड्याच्या झाडांपासून वर्षाचा रोख पैसा मिळतो. कोवळा, सुकवलेला बाळहिरडा अधिक मोलाचा. तो झाडावरून काढणे, उन्हात वाळवणे, निवडणे ही कामे सारे घर करते. व्यापारी किंवा आदिवासी विकास महामंडळ तो घेते आणि पुढे तो औषधांच्या कारखान्यांत जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडे मोठ्या प्रमाणात पडली, तेव्हा नुकसानभरपाईसाठी हिरडा उत्पादकांना आंदोलन करावे लागले. पिकांच्या सरकारी यादीत रानातले झाड सहजी बसत नव्हते. शहरातल्या डबीवर आयुर्वेदाची परंपरा असते, पोटाच्या तक्रारीने हैराण ग्राहक असतो, आणि झाडावर चढलेला माणूस नसतो. ही डबी ग्राहककेंद्री कथाकथनाच्या नियमांत अगदी चोख बसते.

कायदेशीर चौकट

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ जुलै २०२० पासून अमलात आला. खोटे वर्णन, दिशाभूल होईल अशी हमी किंवा महत्त्वाची माहिती हेतुतः लपवणे यांना त्यात दिशाभूल करणारी जाहिरात मानले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातींविषयीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये जाहीर झाली. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था १९८५ पासून काम करते. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे. खाद्यपदार्थांवरील दावे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. दुधावरील 'ए-वन' व 'ए-टू' हे उल्लेख काढण्याचा आदेश त्याने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला आणि काही दिवसांतच मागे घेतला, यावरून दाव्यांची ही सीमा किती अस्थिर आहे ते दिसते.

ग्राहकाचा अनुभव त्याच्या नावानिशी वा छायाचित्रासह वापरताना त्याची संमती घेणे आवश्यक आहे. ग्रामीण व्यवसायांत ही संमती पुष्कळदा तोंडी असते. 'तुमचा फोटो टाकला तर चालेल ना' असे विचारले जाते, पाहुणा निघण्याच्या घाईत मान हलवतो, आणि पुढे तो फोटो कोठे कोठे फिरतो याची त्याला कल्पना नसते. छोट्या केंद्रांनी एका वहीत तारखेसह सही घेण्याची पद्धत ठेवली, तर पुढील वाद टळतात.